गाडी का वाजते

“धरलंय हो मी,” रजनी म्हणाली.

गाडी पुन्हा वाजली. टिंग, टिंग, टिंग. समोरच्या पडद्यावर स्टिअरिंगचं चित्र आलं आणि त्याच्यावर दोन लाल हात. त्याचा अर्थ, स्टिअरिंग हातात धरा.

“नीट धर ना मग.”

“अहो, हे काय आहेत? पाय आहेत का?”

मी वाकून पाहिलं. दोन्ही हात जागेवर होते, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात तसे. आम्ही भुसावळहून तिच्या बहिणीकडून परत येत होतो. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. जळगाव येईपर्यंत गाडी आणखी सहा वेळा वाजली. घरी पोचल्यावर रजनी उतरली आणि तिने दार जरा जोरातच लावलं.

याला आता चार वर्षं झाली.

आमच्या गाडीत ती सोय होती. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा ओळखून गाडी आपल्या पट्ट्यात राहते. पुढे काही आडवं आलं तर स्वतः ब्रेक लावते. फक्त हात स्टिअरिंगवर हवेत. सोडले की वाजते. हे पहिल्यापासूनच होतं, पण त्या दिवसाच्या आठ दिवस आधी कंपनीने नवं सॉफ्टवेअर पाठवलं आणि तेव्हापासून गाडी फार लवकर वाजायला लागली.

गाडी रजनीची होती. मला चालवता येत नाही. एकदा शिकायला गेलो आणि शेजारच्या बऱ्हाट्यांचं फाटक पाडलं, तेव्हापासून नाद सोडला. रजनी सिव्हिल हॉस्पिटलात सिस्टर होती. तेहतीस वर्षं मी तिला स्कूटरवरून ड्युटीला सोडलं. रिटायर झाल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी ती गाडी शिकली आणि मग मला मागे टाकून घेऊन फिरायला लागली. मागे म्हणजे शेजारच्या सीटवर. पण ती तसंच म्हणायची. “चला, मागे बसा. आता माझी पाळी.”

जळगावात ही गाडी असलेल्या लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. इरफान पिंजारी त्याचा ॲडमिन. त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. नवं सॉफ्टवेअर आल्यावर त्याने विचारलं होतं, कोणाला कसं वाटलं ते लिहा. लोकांनी भरभरून लिहिलं. साकेगावकडच्या झोपेभाऊंनी लिहिलं, आधी म्हैस दिसली की असा ब्रेक लागायचा की दात आपटायचे, आता गाडी माणसासारखी थांबते. कोणी लिहिलं, वळणावर स्टिअरिंग हिसका द्यायचं ते बंद झालं. एकाने लिहिलं, बायको शेजारी बसून जे सांगते तेच आता गाडी सांगते, फरक एवढाच की गाडीला बटण आहे. त्यावर इरफानने लिहिलं, वहिनींचा नंबर आहे माझ्याकडे, पाठवू का?

मी लिहिलं, हात धरलेले असताना कोणाची गाडी वाजते का?

सव्वीस जणांनी उत्तर दिलं. कोणाचीच वाजत नव्हती. इरफानने मला फोनच केला.

“नाना, हात सोडला तर वाजते. धरला तर नाही वाजत.”

“अरे, धरलेला असतो. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“मग सर्व्हिसला दाखवून आणा.”

दाखवून आणली. तिथला मुलगा गाडी घेऊन गेला, पंधरा मिनिटांनी आला. हसून म्हणाला, “सर, गाडीत काही दोष नाही. मॅडमना जरा घट्ट धरायला सांगा.”

मी तिथेच त्याच्याशी भांडलो. मला राग आला त्याचं कारण वेगळं होतं. मी वीज मंडळात मीटर टेस्टिंगला होतो. लोक तक्रार घेऊन यायचे की मीटर जोरात पळतं. मी त्यांच्या घरी जायचो, त्याच लाइनवर दुसरं चांगलं मीटर लावायचो आणि आठवड्याने दोन्हींचे आकडे पाहायचो. शंभरातल्या नव्वद वेळा आकडे सारखे निघायचे. मग मी म्हणायचो, “मीटर बरोबर आहे. दोष तुमच्या घरात शोधा.” नोकरीभर हेच वाक्य मी लोकांना ऐकवलं. आता ते या पोराने माझ्या बायकोला ऐकवलं होतं.

त्यात पुण्याहून मुग्धाचा फोन. आमची मुलगी. “बाबा, आईला सांगा आता पुरे झालं. साठी आली. कुठेतरी आपटेल.” फोन स्पीकरवर होता. रजनी भाजी निवडत बसली होती.

मी त्याच संध्याकाळी ठरवलं.

“रविवारी झोप्यांच्या मळ्यात भरीत पार्टी आहे,” मी रजनीला म्हणालो. “ग्रुपचे सगळे येतील. चार जणांना आपली गाडी चालवायला लावतो. तीच गाडी, तोच रस्ता. शेवटी तू.”

“आणि?”

“त्यांच्या हातातही वाजली की झालं. सगळ्यांच्या सह्या घेतो आणि कंपनीला पाठवतो. स्टिअरिंगचा सगळा भाग बदलून देतील.”

“आणि नाही वाजली तर?”

“वाजणारच.”

“तसं नाही. तुम्ही गिऱ्हाइकाला आधी दोन्ही बाजू सांगायचात ना? मलाही सांगा.”

मग तीच म्हणाली, “त्यांच्या हातात नाही वाजली आणि माझ्याच हातात वाजली, तर मी चावी तुमच्याकडे देते. पुन्हा त्या सीटवर बसणार नाही.”

मी हसलो. “मला चावी देऊन काय उपयोग? मला कुठे येते चालवता?”

“मग उभी राहील गाडी,” ती म्हणाली.

मला वाटलं, रुसून बोलतेय.

भरीत पार्टी म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यातला सणच. मळ्यात कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर हिरवी वांगी भाजतात, लाकडी भांड्यात मिरची-लसणासोबत ठेचतात, आणि पुऱ्यांबरोबर उठवेनासं होईपर्यंत माणूस खातो. आम्ही पोचलो तेव्हा जाळ लागला होता. झोप्यांची आई खाटेवर बसून पोरीबाळींना हुकूम सोडत होती. रजनीला पाहून म्हणाली, “ये वं माय. कशी वायली तू!” वाळली म्हणजे बारीक झालीस. रजनी म्हणाली, “गाडी चालवून चालवून.” सगळे हसले.

मी खिशातून डायरी काढली. पहिल्या पानावर नावं लिहून आणली होती. मळ्याच्या फाट्यापासून टोलनाक्याच्या अलीकडच्या पुलापर्यंत जायचं आणि परत. दहा किलोमीटर. मी चालवणाऱ्याच्या शेजारी बसणार आणि रजनी मागे.

“नाना, एवढं कशाला?” इरफान म्हणाला. “भरीत थंड होईल.”

“भरीत थंडच चांगलं लागतं. बस.”

पहिला इरफानच. गेला आणि आला. गाडी एकदाही वाजली नाही. मी शून्य लिहिलं.

मग झोपे. हा माणूस एका हाताने चालवतो आणि दुसऱ्याने बोलतो. तरीही वाजली नाही. पुलाजवळ वळताना रजनी मागून पुढे वाकली.

“भाऊ, जरा हलकं धरून पाहा ना.”

“हे घ्या, सिस्टर.” त्याने दोन बोटांनी धरलं. गाडी गुपचूप चालली होती. “आता हे बघा.” त्याने दोन्ही हात वर केले. काही वेळाने टिंग, टिंग, टिंग. “वाजली, नाना! लिहा!”

“सोडलं म्हणून वाजली,” रजनी लगेच म्हणाली. “धरून वाजायला पाहिजे.”

शून्य.

तिसऱ्या कोल्हे मॅडम. त्या कॉलेजात शिकवतात. बारीक अंगाच्या, हात लहान मुलीसारखे. मी त्यांना मुद्दाम घेतलं होतं. माझा हिशेब असा की बाईचे हलके हात गाडीला कळत नसतील. “माझ्याकडून घरात बरणीचं झाकणसुद्धा निघत नाही,” त्या म्हणाल्या. “माझी नक्की वाजेल.” रजनीने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “वाजू दे,” म्हणाली. अख्खा रस्ता फक्त टायरचा आवाज. पुलावरून परत फिरलो तेव्हा रजनीने माझ्या सीटची पाठ धरलेली मला जाणवली. फाटा आला. मॅडम म्हणाल्या, “सॉरी हं.”

चौथे दगडूआप्पा, झोप्यांचे काका. वय चौऱ्याहत्तर. हाताला कंप आहे, पण गाडी, ट्रॅक्टर सगळं चालवतात. त्यांच्या हातातही वाजली नाही. उतरताना म्हणाले, “या गाडीत काही खोट नाही भो. नाना, तुमचे कान तपासून घ्या.”

चार शून्यं मी एकाखाली एक लिहिली होती. मला तेव्हा थांबायला हवं होतं. मीटरच्या नोकरीत असतो तर थांबलोही असतो, कारण चार आकडे आल्यावर पाचवा घ्यायची गरज नसते. पण मला वाटत होतं, एकदा रजनी बसू दे. कदाचित आज तिच्याही हातात वाजणार नाही. गाडीचं काय, आज बिघडली, उद्या आपोआप नीट होते.

“बस,” मी म्हणालो.

“आता राहू द्या ना,” रजनी म्हणाली.

“ठरलंय ना आपलं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि पुढे जाऊन बसली. मागे साक्षीदार म्हणून मी इरफानला बसवलं.

फाट्यावरून हायवेला लागलो आणि एक किलोमीटरच्या आत गाडी वाजली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी इरफान मागून म्हणाला, “सिस्टर, जरा आवळून धरा.”

“आवळलंय.”

चौथ्या वेळी मी तिच्या हातांकडे पाहिलं. रोज पाहतच होतो, पण त्या दिवशी पाहिलं. बोटं स्टिअरिंगभोवती गुंडाळलेली होती. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये माणसाला मांस असतं, तिथे खळगा पडला होता. कातडी आत गेली होती. हात स्टिअरिंगवर होते, पण त्यांनी काही धरलेलं नव्हतं.

पुलाजवळ वळण घ्यायचं होतं. तिने स्टिअरिंग तळव्याने फिरवलं नाही, मनगटाने ढकललं. खांद्यातून जोर लावून.

मी काय बोललो ते मला आजही आठवतं आणि आठवलं की उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं. मी मागे वळून म्हणालो, “पाहिलंस इरफान? धरलंय तरी वाजते! तू साक्षीदार आहेस. तसं लिहून दे मला.”

इरफान खिडकीबाहेर पाहत होता.

“नाना, राहू द्या,” तो म्हणाला.

“राहू द्या काय? सेन्सर खराब आहे. तिच्या उंचीला, तिच्या बसण्याला...”

“नाना,” तो म्हणाला. “मळ्यात जाऊ. जेवू.”

फाट्यापर्यंत नऊ वेळा वाजली. मी डायरीत नऊ लिहिलं नाही.

मळ्यात कोणी काही विचारलं नाही. इरफानने आधी उतरून सांगितलं असेल किंवा आमची तोंडं पाहून कळलं असेल. झोप्यांच्या आईने रजनीच्या ताटात भरीत वाढलं. रजनीने पुरी दोन्ही हातांनी तोडली. कोल्हे मॅडम तिच्याशेजारी बसून नातवाचं काहीतरी सांगत होत्या आणि रजनी हसत होती, वेळेवर, जिथे हसायचं तिथे. मी घास हातात घेऊन तसाच बसलो होतो. दगडूआप्पा म्हणाले, “नानांना तिखट लागलं वाटतं. दही आणा.”

निघताना साडेचार झाले असतील. इरफान जवळ आला. “सिस्टर, मी सोडतो तुम्हाला. माझी गाडी माझा भाऊ आणेल.”

“नको रे.”

“नाना, तुम्ही तरी सांगा...”

“नाना काही म्हणत नाहीत,” रजनी म्हणाली. “मी चालवत आलेय. चालवत जाईन. तू काळजी करू नको, मी हळू नेते.”

तिने चावी फिरवली. तीही दोन्ही हातांनी. हे मी किती दिवस पाहत होतो कोण जाणे.

हायवेला लागलो. पहिल्यांदा वाजली तेव्हा मी म्हणालो, “ते बंद करता येतं. बटण आहे. करू का?”

“नको. वॉर्डात पेशंटचं मशीन वाजतं म्हणून आम्ही ते बंद करत नव्हतो.”

मी डायरी मांडीवर घेऊन बसलो होतो. ती खाली सरकली, पायाशी पडली. मी उचलली नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“जूनपासून. ब्लाउजची हुकं लागेनात. मग कुकरचं झाकण. मला वाटलं, मानेतली नस दबली असेल. ऑगस्टमध्ये हात असा दिसायला लागला.” तिने उजवा हात जरासा उचलून मला दाखवला आणि परत ठेवला. “असे दोन पेशंट मी पाहिलेत. एक तर आपल्या शिवाजीनगरचेच मास्तर.”

“काय झालं होतं त्यांना?”

तिने आजाराचं नाव सांगितलं. इंग्रजी, लांब. मी ते पुन्हा सांगायला लावलं. ऐकू आलं नव्हतं असं नाही.

“औषध?”

“नाही.”

“मग मास्तर?”

समोर एक उसाची ट्रॉली होती. तिने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि शांतपणे ट्रॉलीच्या पुढे गाडी काढली. गाडी वाजली.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही लगेच दुसरं मीटर लावलं असतं.”

मी हसलो नाही. तीही हसली नाही, पण तिला ते बरं वाटलं असावं, कारण खांदे जरा सैल झाले.

“मग आज हे सगळं का करू दिलंस मला? चार लोकांसमोर? नाही म्हणायचं होतं.”

नशिराबादची घरं दिसायला लागली.

“मला वाटलं, असेलही गाडीचाच दोष,” ती म्हणाली. “एवढी वर्षं नोकरी केली, मला काय कळत नाही? पण तुम्ही इतकं ठासून सांगत होतात. इरफान चालवत होता तेव्हा मी मनात म्हणत होते, वाज. झोपेभाऊंच्या वेळीही तेच. मॅडमच्या वेळी तर मी देवाला सांगितलं, एकदाच वाजव. एकदाच. मी घरी जाऊन हातांना तेल लावीन आणि हसेन.”

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. ड्युटीवरून आल्यावर आज कोण दाखल झालं, कोण घरी गेलं, हे सांगायची तसा.

मी नंतर तिला मुंबईला नेलं, पुण्याला नेलं. प्रत्येक ठिकाणी हातापायांत सुया टोचून यंत्रावर पाहिलं. तीन ठिकाणचे आकडे सारखे निघाले. चौथ्या ठिकाणी न्यायला निघालो तेव्हा तिने नको म्हणून मान हलवली, कारण तेव्हा बोलणं गेलं होतं. त्या रविवारनंतर ती सव्वीस महिने होती. शेवटी मी तिला भरवायचो, तिचा चष्मा नाकावर बसवायचो, माशी बसली तर हाकलायचो. पहिले पाच-सहा महिने मी देवापुढे बसायचो. मग तेही सुटलं. मुग्धा म्हणते, बाबा, तुम्ही सगळं केलंत. मी काय केलं? मी तिला चार लोकांसमोर गाडीत बसवलं आणि दोष कुठे आहे ते सिद्ध करून दाखवलं.

पण त्या संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं. आम्ही गाडीत होतो आणि घर अजून दहा किलोमीटर होतं.

पुन्हा वाजली. पडद्यावर ते लाल हात आले. मला सहन झालं नाही. मी माझा उजवा हात पुढे केला, तिच्या डाव्या हातावर ठेवला आणि तिच्या बोटांवरून स्टिअरिंग दाबून धरलं.

आवाज बंद झाला. लाल हात गेले. गाडीला कळलं की कोणीतरी धरलंय.

आम्ही तसे दोन-तीन मिनिटं गेलो. तिचा हात माझ्या हाताखाली गार होता. मी म्हणालो, “असंच जाऊ.”

“काढा हात,” रजनी म्हणाली.

“वाजेल.”

“वाजू दे. पट्टा मी सांभाळतेय. तुम्ही काढा.”

“रजनी...”

“आज शेवटचं आहे हो. मला एकटीला नेऊ द्या.”

मी हात काढला. कुठे ठेवावा कळेना, म्हणून गुडघ्यावर ठेवला.

थोड्या वेळाने गाडी वाजली, मग पुन्हा वाजली. ती वाजत राहिली आणि रजनी साठच्या वेगाने, डोळे रस्त्यावर ठेवून, दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या रेघांना एकदाही न लागता मला घरी घेऊन आली.